खुर्चीतून दिसत नाही ते

प्रिय डॉक्टर,

गावात तुला सगळे 'अहो डॉक्टर' म्हणत असतील. मी मात्र 'अगं'च म्हणणार. पीएसएमच्या (सामाजिक आरोग्यशास्त्राच्या) तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यांना मी अजून विसरलेले नाही.

तुझं पत्र सावकाश वाचलं. तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं (पीएचसीचं) वर्णन ओळखीचंच आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दोन जागा, त्यातली एक रिकामी. सकाळी ओपीडीची रांग, दुपारी ऑनलाइन नोंदी, संध्याकाळी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा (टीएचओंचा) फोन. त्यावर काही लिहीत नाही. मी अडकले ती तुझ्या एका वाक्यापाशी: "हे लोक मरायला टेकेपर्यंत येत नाहीत, आणि आल्यावर खापर आमच्यावर फोडतात." आणि त्याच्या खाली लगेच, "मॅडम, अशा ठिकाणी काम करायची हिंमत कुठून आणायची?" पहिलं वाक्य सुटलं तर दुसरं बरंच सैल होईल, असं मला वाटतं.

"दृष्टिकोन बदला, जग बदलेल" असं सांगणाऱ्या व्याख्यात्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. डोळे मिटून बसल्या जागी कुणाची नजर बदललेली मी तरी पाहिली नाही. नजर बदलायची तर आधी बसायची जागा बदलावी लागते. तुझ्या खुर्चीतून आलेला रुग्ण दिसतो. न आलेला दिसत नाही, आणि आलेल्याचे आधीचे दोन दिवसही दिसत नाहीत. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका पीएचसीमागे 20,000 लोकसंख्या धरलेली असते. त्यातले केसपेपर काढतील तेवढेच आपले, असं आपण नकळत धरून चालतो.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तुला सांगते, कारण ते तुझ्यासारखेच पीएचसीचे डॉक्टर होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाडजवळ बिरवाडीला होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, त्यात मुलं फार. पुस्तकात विंचूदंशाला फारसं महत्त्व नव्हतं. वेदना कमी करा, एवढंच. अशा वेळी डॉक्टरला दोन वाटा सोप्या असतात. पुस्तक बरोबर आणि रोगी उशिरा आला, असं म्हणायचं. नाहीतर रेफर करून मोकळं व्हायचं. बावस्करांनी तिसरंच केलं. ते रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. दंशानंतर काय काय होतं, घाम कधी सुटतो, उलट्या कधी होतात, हातपाय कधी गार पडतात, बीपी कुठवर चढतं आणि छातीत पाणी केव्हा भरतं, हे त्यांनी टिपत नेलं. मारतो तो हृदयावर आणि फुप्फुसांवर येणारा ताण, हे त्यातून उलगडलं. 1982 साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांत पूर्वी तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं.

यात धाडस आहेच. पण ते कुठल्या टप्प्यावर आलं ते बघ. पुस्तकात नसलेलं औषध मरणाच्या दारातल्या मुलाला द्यायचं, हे धाडस आधी आलं असतं तर त्याला बेफिकिरी म्हणावं लागलं असतं. ते आलं खाटेशी काढलेल्या रात्रींनंतर, शरीरात काय घडतंय ते स्वच्छ दिसल्यावर. तू उलट्या बाजूने सुरुवात करते आहेस. हिंमत आधी मागते आहेस.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खुर्ची आणखी लांब नेली, थेट झोपडीत. नवजात बाळं घरीच जन्मत होती आणि घरीच जात होती. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडतच नव्हते. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ही बाळं येणार कशी? म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना बाळ तपासायला, वजन करायला, ऊब द्यायला आणि गरज पडली तर जंतुसंसर्गावरचं जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. खेड्यातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, यावर डॉक्टरांच्या भुवया किती वर गेल्या असतील याची तुला कल्पना येईल. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला होता. आज तुझ्या आशाताई बाळंतपणानंतर घरी जाऊन सहा-सात भेटी देतात ना, त्या तिथून आल्या आहेत. त्या भेटी म्हणजे भत्त्यासाठी भरायचा फॉर्म, असं तुझ्या पीएचसीत कुणी म्हणालं तर हे सांग.

त्यांचीच एक गोष्ट मला फार आवडते. जिला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही अशा दाईने बाळाचे श्वास मोजायचे कसे? तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची चौकट. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. "दाईला मोजता येत नाही" हे वाक्य तिथे "आपण तिला मोजायचं साधन दिलेलं नाही" असं झालं. तुझ्या त्या वाक्याचंही असंच काहीतरी करता येईल.

मग करायचं काय? झटके येत असताना आणलेली ती गरोदर बाई, जिच्याबद्दल तू चिडून लिहिलं आहेस, तिच्यापासूनच सुरुवात कर. ती वाचली आहे, तर आशाताईला घेऊन तिच्या पाड्यावर जा. चौकशीला म्हणून जाऊ नकोस, जेवायला गेलीस तरी चालेल. माता मृत्यूच्या अभ्यासात तीन विलंब सांगतात, आठवतंय का? (परीक्षेत हमखास यायचं.) जायचं ठरवायला लागलेला, पोचायला लागलेला आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला. त्या बाईचे तिन्ही लिहून काढ. डोकं कधी दुखायला लागलं? कुणाला सांगितलं? नवरा ऊसतोडीला गेलेला असेल तर पैसे कुणाकडे होते? 108 ला फोन केला तेव्हा रेंज होती का, गाडी पाड्यापर्यंत येते का?

तिसरा विलंब आपल्याच इमारतीत असतो, म्हणून तो लिहिताना हात जड होतो. त्या रात्री लेबर रूमच्या ट्रेमध्ये झटक्यांवरचं मॅगसल्फ होतं का? मुदतीतलं होतं का? कुलपाची किल्ली कुणाकडे होती? आणि तिचं गरोदरपणातल्या तपासण्यांचं कार्ड उघडून बघ. प्रत्येक भेटीत बीपी 110/70 लिहिलेलं दिसलं, तर उपकेंद्रातली आणखी दहा कार्डं काढ. सगळ्यांचं 110/70 असेल, तर एकतर बीपीचं मशीन बंद आहे किंवा त्याचा पट्टा कुणी दंडाला गुंडाळलाच नाही. "रुग्ण उशिरा आला" हे लिहायला सर्वांत सोपं कारण आहे. त्यावर वरून कुणी प्रश्न विचारत नाही.

हे मासिक मीटिंगमध्ये मांडशील तेव्हा नर्सचं नाव घेऊन मांडू नकोस. ती बिचारी बिघडलेलं मशीन कितीतरी महिने सांगत असेल. आधी तिच्याशी बोल, मशीन बदलून घे, मग मांड. टीएचओ एखादे वेळी चिडतील. तुझ्या हातात कार्डं, तारखा आणि स्टॉकबुक असेल तर आवाज चढवायची गरज पडत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. रिकामी जागा, फुटलेला रस्ता आणि न आलेली औषधं तुझ्या नजरेने भरून निघणार नाहीत. त्यांची लेखी मागणी करायची, पोच घ्यायची. जमाव दारू पिऊन आला तर खोलीत जाऊन दार लावायचं आणि पोलिसांना फोन करायचा. तिथे समजूतदारपणा दाखवत बसू नकोस. सलग ड्यूटीनंतर झोप. थकलेल्या डॉक्टरला सगळेच रोगी मुद्दाम उशिरा आल्यासारखे वाटतात.

सरकारी सेवेच्या बाँडचा दंड भरून सुटावं का, असंही विचारलं आहेस. घरच्यांना झेपत असेल आणि जीव खरंच रमत नसेल तर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण निर्णय पाड्यावर जाऊन आल्यावर घे. पीजीचा अभ्यास पहाटे होतो का बघ, रात्री डिलिव्हरींमुळे तो होणार नाही. आणि प्राझोसिनचा स्टॉक तपास; तुझ्याकडे विंचू असणारच.

तुझी,
मॅडम