कोविडमध्ये ताप उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजन का खालावायचा?

तुमचा प्रश्न असा की २०२१ मध्ये सासऱ्यांचा ताप पाचव्या दिवशी उतरला, सगळे निर्धास्त झाले आणि नवव्या दिवशी ऑक्सिजन ८६ वर आला. विषाणू कमी होत असताना हे कसं?

दुसऱ्या लाटेत मी कोविड वॉर्डात फिजिशियन होतो, हे रोज पाहत होतो. बरेचदा त्या टप्प्यावर फुप्फुसाचं नुकसान विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती करत असते.

विषाणू सहसा लक्षणं सुरू होतात त्या सुमारास सर्वाधिक असतो. बाधित पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. कोरोनाचा विषाणू नेमका हाच इशारा दाबतो. बहुतेकांमध्ये तरीही तो इशारा वेळेत पोचतो, मग टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात आणि दुखणं घशापाशीच आटोपतं. काहींमध्ये उशीर होतो. २०२० मध्ये असं आढळलं की अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज होत्या. त्यात पुरुष जास्त. म्हणून वरवर धडधाकट माणूसही कोसळायचा.

तोवर विषाणू फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरलेला असतो. तिथे उशिरा जागी झालेली यंत्रणा आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं भरमसाट सोडते. केशवाहिन्या झिरपू लागतात, वायुकोशांत पाणी आणि प्रथिनं साचतात, बारीक गुठळ्या होतात. हवा आत येते, पण ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. रक्तात सीआरपी, फेरिटिन (दाहाच्या खुणा) आणि डी-डायमर (गुठळ्यांची खूण) वारंवार तपासायचे ते याचा अंदाज घ्यायला. कार्बन डायऑक्साइड मात्र सहज बाहेर पडत राहतो, म्हणून अनेकांना गुदमरल्यासारखं वाटतच नसे. ऑक्सिमीटरवर ८२, श्वास मिनिटाला ३४, आणि रुग्ण कॉटवर बसून चहा घेत म्हणतोय, "डॉक्टर, मला काही होत नाहीये, घरी सोडा."

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी या औषध-चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. हे ठाऊक झाल्यावरही आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड सुरू केली गेली, याचा मला आजही संताप येतो. पहिल्या आठवड्यात आपल्याला प्रतिकारशक्ती जोरात हवी असते, तेव्हाच ती दाबली. मधुमेहींची साखर वर गेली, आणि नंतर म्युकर (काळी बुरशी) झालेल्यांत असे रुग्ण बरेच होते.

ताप उतरल्यावरही दिवसातून दोनदा ऑक्सिजन बघायचा तो यासाठीच. सहा मिनिटं घरात चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ हून जास्त घसरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बसल्या जागीच धाप लागत असेल तर ही चालण्याची चाचणी करू नका, थेट दवाखाना गाठा.