मस्कतला नोकरीवर परत जाताना फ्लाइट सारखी लेट होतेय, काय करायचं?

मी ठाण्याचा, माझं पण मागच्या सुट्टीत सेम झालं. रात्री साडेअकराची फ्लाइट, घोडबंदरचा ट्रॅफिक नको म्हणून साडेसहालाच निघालो आणि मुंबई एअरपोर्टच्या टी-टूला (टर्मिनल २) पोचल्यावर मेसेज, दोन तास लेट, मग अजून दोन, असं करत पहाट झाली. आईने दिलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी गेटजवळच उघडली, बाजूच्या दोघांनी पण खाल्ली 😄

पहिलं काम म्हणजे सुपरवायझरला लगेच स्क्रीनशॉट पाठव आणि काउंटरवरून लेट झाल्याचं लेखी माग, एचआर नुसत्या तोंडी बोलण्यावर रजा कापतं. मस्कतसारख्या तीनेक तासांच्या फ्लाइटला ३ तासांच्या वर उशीर असेल तर डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नियमाने खाणं द्यावं लागतं, पण आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. फ्लाइट रात्री ८ ते पहाटे ३ मधली असून ६ तासांच्या वर लेट झाली तर हॉटेल पण. ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाक.

आणि पुढची कनेक्टिंग वेगळ्या तिकिटावर काढू नकोस रे, ती चुकली तर पैसे गेलेच समज. मी आता ड्यूटीच्या दोन दिवस आधीचंच तिकीट काढतो, आई रुसते पण काय करणार.