वाचक विचारतात : फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मुलांची काळजी

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलीची दोन्ही फुप्फुसं बदलून आठ महिने झाले. शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी नेहमी १० च्या आसपास असते, ती एकदम १९ आली. गोळी चुकली नाही, जास्तही दिली नाही. मग असं का?

उत्तर : आधी रक्त कधी दिलं ते पाहा. ही पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी, म्हणजे मागच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी मोजतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगणारच. त्या दिवशी गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्यावर तिथेच द्या.

वेळ बरोबर असेल तर अलीकडे नवं काय सुरू झालं ते आठवा. बुरशीवरची व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधं किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं की टॅक्रोलिमसचं शरीरातलं विघटन मंदावतं. पपनसानेही तेच होतं, त्यामुळे ते कायमचं बंद. जुलाबातही पातळी वाढते. पालकांना नेमकं उलटं वाटतं. औषध वाहून गेलं असेल म्हणून ते जादा गोळी देतात आणि प्रकरण चिघळतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटोइन मात्र पातळी खाली आणतात. बुरशीवरचं औषध थांबवलं तरी ती घसरते, म्हणून कुठलंही औषध बंद करतानाही प्रत्यारोपण केंद्राला कळवा. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली असेल तर तेही सांगा.

पातळी जास्त राहिली तर हात थरथरतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून आयबुप्रोफेन देऊ नका, त्याचाही मारा मूत्रपिंडावरच असतो. १९ हा आकडा आजच केंद्राला फोन करून कळवा. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. घरच्या स्पायरोमीटरवर वर्षभर १.९ लिटरच येतंय. स्थिर आहे म्हणजे चांगलंच ना?

उत्तर : मोठ्या माणसाच्या बाबतीत हो म्हटलं असतं. वाढत्या मुलाची उंची वर्षात ६-७ सेंटिमीटर वाढली आणि एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, स्पायरोमीटरवरचा हाच तो लिटरचा आकडा) हलला नाही, तर उंचीच्या मानाने तो घसरलाच. दीर्घकालीन रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवं फुप्फुस हळूहळू नाकारू लागतं तेव्हा, बारीक श्वासनलिका आकसत जातात. ताप नसतो, खोकलाही नसू शकतो. उंची मोजून त्या उंचीला अपेक्षित आकड्याच्या किती टक्के येतंय ते काढून घ्या. रोज ठरल्या वेळी तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. नेहमीच्या आकड्यापेक्षा १० टक्के घट दोन दिवस टिकली तर फोन करा. सोबत ताप किंवा धाप असेल तर दोन दिवस थांबू नका.

प्रश्न : प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या धाकट्या भावाला पल्स पोलिओचे थेंब द्यावेत का?

उत्तर : नको. थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो आणि तो प्रत्यारोपण झालेल्या मुलाला बाधू शकतो. त्याऐवजी पोलिओचं इंजेक्शन देता येतं. बूथवरच्या ताईंना कारण सांगा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस मात्र भावाला जरूर द्या. कांजिण्यांचीही चालते; फक्त लसीनंतर अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.