घाटातून रोज माल नेणाऱ्या माणसाला हलकी पिकअप बरी की एचडी पिकअप?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओतूरच्या बाजूला शेती, आठवड्यातून चार-पाच रात्री माळशेजमार्गे वाशी मार्केटला टोमॅटो, एका खेपेला ४० ते ४५ क्रेट. गाडी वडील स्वतः चालवतात, वय ५८, कंबर धरते. जुनी गाडी काढून नवी घ्यायची आहे. छोट्या हत्तीच्या (टाटा एस) वर्गातली हलकी गाडी घ्यावी की दोन टन पासिंगची, म्हणजे दोन टन माल न्यायची परवानगी असलेली, एचडी (हेवी ड्यूटी) पिकअप, आणि "मोठ्या गाडीत आराम जास्त" हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

जागेच्या बाबतीत ते खरं आहे. हादऱ्यांच्या बाबतीत अर्धंच खरं आहे, आणि तुमच्या वडिलांचा त्रास हादऱ्यांचा आहे. माझ्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत आणि दोन्ही मी चालवतो, भाजीपाल्याचंच काम. तुमचा माल आणि वडिलांची कंबर बघता मी दोन्ही टोकं सोडून १.३ टनांच्या आसपासची बॉनेटवाली, म्हणजे इंजिन चालकाच्या पुढे असलेली, पिकअप घ्या असं सांगेन.

आधी पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं बघू, कारण सगळं मूळ तिथं आहे. कारच्या डिकीत चार बॅगा टाकल्या तरी मागच्या चाकांवरचं वजन फारसं बदलत नाही, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता येते. पिकअपचं तसं नाही. दोन टनांची गाडी रिकामी असताना मागच्या पाट्यांवर जेवढं वजन असतं, त्याच्या कितीतरी पट माल भरल्यावर येतं. कंपनीला पाटे भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बसवावे लागतात, जास्त भार आल्यावर काम करणारे जादा हेल्पर पाटे द्यावे लागतात. त्यामुळे पूर्ण भरलेली एचडी पिकअप खड्ड्यातून इतकी छान जाते की पहिल्यांदा चालवणारा खूश होतो. तीच गाडी वाशीत रिकामी झाली की मुरबाडच्या रस्त्यावर मागून उडते. पाटे वाकायलाच तयार नसतात, खड्ड्याचा दणका सरळ चासीत आणि तिथून सीटमध्ये येतो.

कंबरेला नेमकं हेच बाधतं. माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपनं सगळ्यात जास्त झोंबतात, हे कंपनांवरच्या अभ्यासातून पक्कं झालेलं आहे. कारची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा डुलते, म्हणून कारमध्ये झोप लागते. ताठ पाट्यांची रिकामी पिकअप त्याच्या बरीच वर जाते आणि मणक्याला नको असलेल्या पट्ट्याच्या जवळ पोचते. त्यात टायरची हवा. कारमध्ये ३०-३५ पीएसआय ठेवतात, भाराच्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये त्याच्या दुप्पट किंवा जास्तही लागते. रिकाम्या परतीला कोणी हवा काढत बसत नाही, काढूही नये.

आता तुमचा हिशोब लावा. वीस किलोचे ४५ क्रेट म्हणजे ९०० किलो, वर क्रेटचं स्वतःचं वजन. सगळं मिळून टनाच्या आतबाहेर. दोन टनांच्या गाडीत हा निम्मा माल झाला. म्हणजे जातानाही पाटे पूर्ण वाकत नाहीत, आणि येताना तर गाडी पूर्ण रिकामी. तुम्ही जो आराम विकत घ्याल तो एकाही खेपेला पूर्ण मिळणार नाही. १.३ टनांच्या गाडीत हाच माल बरोबर बसतो, पाटे काम करतात, आणि रिकामी असताना ती एचडीएवढी उडतही नाही.

मग छोटा हत्ती का नको? टाटा एस २००५ साली आली तेव्हापासून गावोगाव तिने लोकांचे संसार उभे केलेत, त्या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचं पासिंग पाऊण टनाच्या आसपास आहे. तुमचा माल तिच्यात ओव्हरलोड होतो. ओव्हरलोड गाडीचे पाटे खाली टेकतात, आणि टेकले की पाटे असून नसल्यासारखे होतात. माळशेज उतरताना ब्रेकवर काय ताण येईल ते वेगळंच.

शिवाय छोट्या गाडीत चालक बसतो कुठे तेही बघायला पाहिजे. त्या गाडीची पुढची आणि मागची चाकं जेमतेम २१०० मिलिमीटरवर आहेत, चाकं १२ इंची, पुढेही पाटेच, आणि चालक पुढच्या चाकांच्या अगदी जवळ. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की दणका थेट त्याच्या खाली बसतो. छोट्या अंतरामुळे गाडी पुढे-मागे डोलतेही जास्त. बॉनेटवाल्या पिकअपमध्ये चाकांचं अंतर तीन मीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त असतं आणि चालक पुढच्या चाकांच्या मागे बसतो. पुढच्या चाकाने खाल्लेला खड्डा त्याच्यापर्यंत येईतो बराच निवलेला असतो. १५ इंची चाक खड्ड्यात उतरतंही कमी. तुम्ही दोन्ही गाड्या एकाच गतिरोधकावरून एकाच वेगाने नेऊन बघा, मानेला फरक कळतो.

इंजिनाचं तेच. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली आहे. मूळ डिझेल मॉडेलला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे गाडी उभी असतानाही सीट, स्टेअरिंग, आरसे सगळं थरथरतं. एप्रिल-मेमध्ये कल्याण-शिळफाट्याच्या कोंडीत तासभर अडकलात तर खालून येणारी ऊब मांड्यांना जाणवते. थंडीत पहाटे ती हवीहवीशी वाटते हेही सांगतो. पेट्रोल किंवा सीएनजीची चार सिलिंडरची हलकी गाडी, जशी मारुतीची सुपर कॅरी, थरथरीत पुष्कळ शांत असते. शहरात पाण्याचे जार किंवा किराणा पोचवणाऱ्याला मी तीच सुचवेन. तुमच्या घाटाला नाही.

केबिनच्या जागेत मोठी पिकअप निर्विवाद पुढे आहे. छोट्या हत्तीची बाहेरून रुंदी दीड मीटर, बोलेरो पिकअपची १.७ मीटरच्या आसपास. वीस सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतात, पण वाशीत रात्री दोनला गाडी लावून लिलाव सुरू होईपर्यंत आडवं व्हायचं असतं तेव्हा त्यांची किंमत कळते. छोट्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन झोपावं लागतं आणि पाठीखाली गरम इंजिनाची पेटी. मोठीत पाय पूर्ण लांब होत नाहीत, पण कूस बदलता येते. कंबर धरणाऱ्या माणसाला त्या दोन-तीन तासांची विश्रांती नीट मिळाली तर परतीचा अर्धा त्रास तिथंच वाचतो.

तिसरा माणूस बसणार असेल तर त्याचाही विचार करा. कागदावर "चालक अधिक दोन" लिहिलेलं असतं, पण मधल्या माणसाच्या पायांत गिअरचा दांडा येतो. तो आखडून बसला की चालकालाही तिरकं बसावं लागतं, आणि तिरकं बसून घाट चालवणं म्हणजे कंबरेला आमंत्रण. टाटा इंट्रासारख्या काही गाड्यांत गिअरचा दांडा डॅशबोर्डवर आहे, तिथे पायांपाशी जागा मोकळी राहते. मागे रेलायला मात्र कुठल्याच सिंगल केबिनमध्ये फारशी सोय नाही. मागे लगेच केबिनचा पत्रा असतो, सीट मागे पडत नाही. बोलेरो मॅक्स पिकअप २०२२ मध्ये आली तेव्हा चालकाची सीट वर-खाली करायची सोय दिली, हा मला खरोखर महत्त्वाचा बदल वाटतो. उंची जुळली की मांडीला पूर्ण आधार मिळतो आणि क्लच दाबताना कंबर पुढे सरकत नाही. याच मॅक्समध्ये सिटी आणि एचडी अशा दोन मालिका आहेत. केबिन जवळपास तीच, पाटे आणि पासिंग वेगळं. म्हणजे जागेसाठी एचडीच घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही.

पॉवर स्टेअरिंगशिवायची गाडी वडिलांसाठी घेऊ नका, यावर चर्चाच नको. भरलेली गाडी मार्केटच्या गाळ्यापुढे मागे-पुढे घेताना खांद्यांवर आणि कंबरेवर जो पीळ बसतो तो रस्त्यावरच्या शंभर खड्ड्यांना भारी आहे. क्लच हलक्या गाडीचा हलका असतो, एचडीचा जड. शिळफाट्याच्या कोंडीत डाव्या गुडघ्याला तो फरक पडतो. चढ-उतारही बघा. छोट्या गाडीत माणूस सरळ बसतो, उंच पिकअपमध्ये पायरीवर पाय देऊन अंग वर ओढावं लागतं. आत हाताला धरायला दांडी आहे का ते शोरूममध्येच तपासा.

आता एसी. याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. "सरकारने ट्रकला एसी सक्तीचा केला, मग पिकअपलाही येईल" असं सगळीकडे ऐकू येतं. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या वाहनांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. एन-२ म्हणजे मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर ते बारा टन, एन-३ त्याच्या पुढे. टाटा ४०७ त्यात येते. आपल्या बहुतेक पिकअप, छोट्या हत्तीपासून १.३ टनांच्या गाडीपर्यंत, साडेतीन टनांच्या आत एन-१ मध्ये बसतात. त्यांना ही सक्ती नाही. दोन टनांच्या एचडीचं मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जाऊ शकतं, ते कागदावर बघून घ्या. नावात एचडी आहे म्हणून एसी येईलच असं धरून चालू नका. काही मॉडेलांत तो मिळू लागलाय, तेवढीच निवडा. मला हे मनापासून खटकतं. रात्रभर भाजी ओढणारा पिकअपचा चालक ट्रकवाल्यापेक्षा कमी थकत नाही, उलट त्याला बहुतेक वेळा जोडीला दुसरा चालकही नसतो.

आणि माळशेजला एसी नुसत्या गारव्यासाठी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं आणि पाऊस, आत तीन माणसांचे ओले कपडे, काचा बंद. पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. वायपर बाहेरचं पाणी काढतो, आतल्या वाफेला तो काय करणार? मग एका हातात स्टेअरिंग, एका हातात फडकं, आणि चालक पुढे वाकून काचेला नाक लावून गाडी हाकतो. कंबरेला ती बसण्याची सर्वांत वाईट पद्धत, आणि जिवाला धोका तो आणखी मोठा. एसी हवेतला दमटपणा शोषून घेतो, काच एक-दोन मिनिटांत साफ होते, माणूस पाठ टेकून बसतो. एसी मिळालाच नाही तर निदान काचेवर वारा सोडणारा चांगला ब्लोअर असलेली गाडी घ्या आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगा.

डिझेलचा खर्च दोन्हीकडे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही.

गाडी कुठलीही आली तरी एक गोष्ट करू नका. रिकामी गाडी आदळते म्हणून गॅरेजवाला पाट्यातलं एखादं पान काढायचा सल्ला देईल. मऊ होते गाडी, पण भरल्यावर बसते, वळणावर कलते, आणि घाटात ते चालणार नाही. त्याऐवजी पाटे गंजून एकमेकांना चिकटलेत का बघा, साफ करून ग्रीस द्या, बुश आणि शॉकअप वेळेवर बदला. चिकटलेले पाटे नव्या गाडीलाही बैलगाडीसारखं करतात. सीटवर जाड फोम टाकण्यापेक्षा कमरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल जास्त कामाला येतो. फोममुळे माणूस वर उचलला जातो आणि पाय पेडलला पुरत नाहीत.

शोरूमवाले चाचणीला गुळगुळीत रस्त्यावर नेतात. तुम्ही हट्टाने खराब रस्ता निवडा, गाडी रिकामीच असू द्या, आणि स्टेअरिंगवर वडिलांना बसवा. पंधरा-वीस मिनिटं चालवू द्या, मध्ये दोन-तीनदा गाडी उलटी घ्यायला सांगा, शेजारी दोन माणसं बसवा. उतरल्यावर लगेच विचारू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे ते विचारा. आणि पाय बधिर होणं, मुंग्या येणं असं काही असेल तर गाडीच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं असल्यास कुठलीही पिकअप त्यांना झेपणार नाही, पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता तरी चालक ठेवा आणि त्यांना मार्केटच्या लिलावाचं काम बघू द्या.