स्वर्गाची आशा असताना मृतांसाठी प्रार्थना कशाला?

आपला प्रश्न असा आहे : ख्रिस्ती माणसाला स्वर्गाची आशा असते, तर मग २ नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना कशासाठी करतात, आणि हे श्राद्धाचेच दुसरे रूप नाही का? मी वसईचा कॅथलिक आहे, धर्मगुरू नाही. घरात जे पाळले गेले आणि पुढे थोडेफार वाचून जे ताडून पाहिले, त्यावरून लिहितो.

रोजच्या बोलण्यात आशा म्हणजे पाऊस वेळेवर येईल, मुलाला नोकरी लागेल अशी इच्छा असते. ती फळेल किंवा फळणारही नाही. आम्ही श्रद्धा, आशा आणि प्रीती असे एका दमात म्हणतो, तेव्हा त्यातली आशा येशूच्या पुनरुत्थानावर उभी असते. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल सांगतो की, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही, हे मला फार माणुसकीचे वाटते.

मात्र ही आशा म्हणजे हाती आलेला निकाल नव्हे. पवित्रतेवाचून कोणालाही प्रभूचे दर्शन होणार नाही, असे इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेने, १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात पवित्रतेचे हे पाचारण मठातल्या लोकांपुरते नसून संसारी माणसांसाठीही आहे, असे ठासून सांगितले. अडचण इथेच सुरू होते, कारण मरताना पूर्ण पवित्र असलेली माणसे आपण किती पाहिली आहेत?

माझ्या आजीचेच पाहा. पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तिने आजारपणाखेरीज कधी चुकवली नाही, दारी आलेल्याला उपाशी पाठवले नाही. पण वाडीतल्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या जावेशी तिचा अकरा वर्षे अबोला होता. दर चाळिशीच्या काळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, ती पापनिवेदन करून यायची, जावेच्या दारापर्यंत जायची आणि काहीतरी निमित्त काढून परतायची. शेवटच्या दुखण्यात तिने जावेला बोलावणे धाडले. ती आली तेव्हा आजीची वाचा गेली होती.

अशा माणसाचे काय होते? कॅथलिक शिकवण सांगते की, देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, पण अजून पुरते शुद्ध न झालेल्या माणसाची शुद्धी मरणानंतर पूर्ण होते. तिला आम्ही शुद्धिस्थान म्हणतो. तिथल्या आत्म्याचे तारण निश्चित असते, राहिलेले असते ते शुद्ध होणे. त्यामुळे मृतांसाठी केलेली प्रार्थना आशा डळमळल्याचे लक्षण ठरत नाही. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात तर आपल्याच प्रश्नाचे उत्तर आहे : यहुद्यांचा सेनानी यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापासाठी यरुशलेमला द्रव्य पाठवतो, आणि लेखक म्हणतो की, मेलेले पुन्हा उठतील अशी आशा त्याला नसती, तर मृतांसाठी प्रार्थना करणे व्यर्थ ठरले असते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नाही. त्या मंडळींत बहुधा मृतांबद्दल देवाचे आभार मानतात, त्यांच्यासाठी विनंती करत नाहीत.

१ नोव्हेंबरला सकल संतांचा सण आणि दुसऱ्या दिवशी मृतांचे स्मरण, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. पहिल्या दिवशी वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्याबरोबरच, ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत असे संतही आठवायचे असतात. दुसरा दिवस फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सर्वत्र गेला.

श्राद्धाशी साम्य नाही, असे मी म्हणणार नाही. आमचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, तेव्हा पितरांविषयीची जुनी ओढ त्यांनी वेशीबाहेर टाकून दिली असेल, असे मला वाटत नाही. परंतु श्राद्धात वंशाचे ऋण असते आणि ते फेडणारा वारस लागतो. आमच्याकडे परक्याने परक्यासाठी प्रार्थना केली तरी चालते, आणि ज्यांची आठवण काढायला कोणी उरले नाही त्यांच्यासाठी ती मुद्दाम केली जाते.

आमच्या गावी पावसाळ्यानंतर कबरीवरचे शेवाळ नारळाच्या काथ्याने घासून काढतात, चुना मारतात आणि झेंडूच्या माळा घालतात. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की मेणबत्त्या विझतात, म्हणून आजीच्या जावेने एका वर्षी बरणीची काच आणली. तेव्हापासून दर २ नोव्हेंबरला ती घरून काडेपेटी आणि ती बरणी घेऊन येते, आमच्यापैकी कोणाला हात लावू देत नाही आणि मेणबत्ती पुरती जळेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसते.