मंगळावरचा तलवारबाज

प्रश्न : माझ्या कथेतला पुणेकर तलवारबाज मंगळावर पोचतो. तो किती उंच उडेल?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट. इथे अर्धा मीटर उडणारा तिथे साधारण १.३ मीटर उडेल. शनिवारवाड्याचा तट विसरा! शिवाय हवेत अडीचपट वेळ लटकेल, दिशा बदलता येणार नाही, म्हणजे शत्रूला आयताच. खरी गोची तलवारीची. सव्वा किलोची तलवार पेलायला अर्ध्या किलोसारखी, पण वस्तुमान तेच. फिरवायला, थांबवायला जोर तेवढाच लागतो. पायांची पकडही कमी, वार अडवताच गडी मागे घसरेल. पवित्रा रुंद, बुटांना खिळे द्या. आणि रात्री मंगळाचा चंद्र फोबोस पश्चिमेला उगवतो, बरं का.