पोटातल्या शिरांसाठी बीआरटीओ सांगितलंय, पोट उघडावं लागेल का?

तुमच्या वडिलांना लिव्हर सिरॉसिस आहे, जठरातल्या फुगलेल्या शिरेतून रक्त गेलं, एंडोस्कोपीतून ग्लू टाकला तरी पुन्हा काळी शौच झाली आणि आता डॉक्टर बीआरटीओ म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. बीआरटीओ म्हणजे फुग्यानं वाट अडवून त्या फुगलेल्या शिरा आतूनच औषधानं बंद करणं. त्यासाठी पोट उघडत नाहीत. मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, या केसेस टेबलाशेजारी उभं राहून पाहिल्यात. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून जातात, बहुतेकदा तेवढीच जागा बधिर करून.

लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तुंबतं आणि आडवाट काढतं. जठराच्या वरच्या भागातून निघालेली ही वाट बऱ्याचदा डाव्या किडनीच्या शिरेला येऊन मिळते. बीआरटीओत नेमकं तिथूनच, उलट्या दिशेनं आत शिरतात. नळीच्या टोकाशी असलेला फुगा फुगवण्याआधी सोडलेला डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, डोळ्यांदेखत वाहून जातो. फुगा फुगवला की तोच डाय अडतो आणि गुंतलेल्या दोऱ्यासारख्या त्या शिरा स्क्रीनवर उमटतात. मग त्यांत शीर गोठवणारं औषध हळूहळू भरतात.

वडिलांना जड जाईल ते पुढचं. फुगा काही तास, कुठे कुठे रात्रभर तसाच ठेवतात. मांडीतून केलं असेल तर तेवढा वेळ तो पाय वाकवायचा नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकात रुजलेली ही पद्धत. पुढे कोरियातल्या डॉक्टरांनी फुग्याऐवजी धातूचा प्लग वापरला, त्यात ही ताटकळ नाही. तुमच्याकडे प्लग करतात का, जरूर विचारा.

आधी सीटी स्कॅनमध्ये ती आडवाट दिसायला हवी. ती नसेल तर बीआरटीओ होतच नाही. मग टिप्सचा विचार होतो, म्हणजे लिव्हरमधूनच स्टेंटनं नवी वाट. पण टिप्सनंतर काहींना भ्रम होतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. वडिलांना हा त्रास आधीपासून असेल तर बीआरटीओच बरं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. आडवाट बंद केली की दाब दुसरीकडे वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगू शकतात, पोटात पाणी वाढू शकतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच पुढच्या एंडोस्कोपीची तारीख लिहून घ्या. आणि डांबरासारखी चिकट काळी शौच पुन्हा दिसली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत न्या.